इतर अटी

लॅपटॉप, बोटाचं मशीन, एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन
मी लोकांच्या घरी जातो.
दीड तासात अकरा महिन्यांचं घर उभं करून देतो.
माझं स्वतःचं टेबल स्टॅम्पवाल्याच्या ओट्यावर,
नऊ वर्षं, तोंडी.

आज दुधाळीत.
रत्नाक्का व्हटकर, वय सदुसष्ट, लिहून देणार.
दस्तगीर शिकलगार, वय एकतीस, लिहून घेणार.
कागदात भाडेकरू हा शब्द येत नाही, मी सांगतो.
भाडेकरू म्हटलं की हक्क चिकटतो,
म्हणून परवाना म्हणायचं.
राहायचा परवाना, जसा बंदुकीचा असतो,
जसा वाळू उपसायचा.
"आन् भाडं?"
त्याला परवाना शुल्क.
"पैसे तेच न्हवं?"
पैसे तेच.

वरची एक खोली, मोरी आत, संडास जिन्याखाली.
उत्तरेस सामाईक भिंत. दक्षिणेस बोळ.
पूर्वेस कदमांचा गोठा. पश्चिमेस
"नदी लिव्ह."
नदी लांब आहे, अक्का.
"एकोणीस साली न्हवती."

अनामत पंधरा हजार, बिनव्याजी.
नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी.
मुदत संपूनही राहिला तर शुल्क दुप्पट.
दस्तगीर सगळ्याला मान हलवतो.
शिरोलीच्या फाउंड्रीतून रात्रपाळी करून तसाच आलाय,
भुवयांत काळी वाळू.
याआधी तीन घरी अनामत ठरली, चहासुद्धा आला,
आणि नाव सांगितल्यावर मालकांना आठवलं
की पुतण्या यायचाय राहायला.
एक तर म्हणाला, आमच्या इमारतीत मटण चालत नाही.
कोल्हापुरात.
दस्तगीर हे हसून सांगतो.
अक्का हसत नाहीत.
असले पुतणे त्यांच्या ओळखीचे आहेत.

मी नेहमीचं कलम वाचायला घेतो:
नैसर्गिक आपत्तीमुळे सदर मिळकतीचे
"थांब. पाणी शिरलं की त्या म्हैन्याचं भाडं न्हाई. लिव्ह."
पाणी वर येत नाही ना, अक्का.
"जिन्याखाली येतंय की.
माणसानं परसाकडं जायचं कुठं, आन् भाडं कशाचं द्यायचं?
आन् मी बी वरच येतो ऱ्हायला. ह्याच्या खोलीत.
तेबी लिव्ह."

माझी बोटं थांबतात.
मालकिणीनं भाडेकरूच्या खोलीत राहायचं,
असं कलम माझ्याकडे तयार नाही.
दस्तगीर म्हणतो, "लिवा की सायेब.
बायको दोन भाकरी जास्त थापंल."
'इतर अटी'च्या चौकटीत मी टाइप करतो:
पूरकाळात लिहून देणार या
लिहून घेणार यांच्या परवान्याने
सदर मिळकतीत राहतील.
पुन्हा वाचतो.
परवाना उलटा फिरलाय. तसाच ठेवतो.

मग अंगठे.
अक्कांचा लागत नाही.
चाळीस वर्षं चपलांची शिवण, वादी ओढून ओढून
रेषा गिऱ्हाइकांच्या पायाखाली गेल्या.
दस्तगीरचाही लागत नाही.
मशीन लाल. बोट पुसा, पुन्हा ठेवा. मशीन लाल.
खोबरेल लावून झालं, लिंबू झालं, ओला पदर झाला.
दोघं समोर बसलीत, आणि यंत्राच्या मते
खोलीत मी एकटाच.
अक्का त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट बघतात,
चामडं बघावं तसं.
"चांगला कमावलाय," म्हणतात.

शेवटी त्याचं मधलं बोट लागलं,
आणि अक्कांची डावी करंगळी.
"करंगळीवर घर दिलं बघ."

फी घेतली, निम्मी निम्मी.
पोलीस ठाण्यात कळवायचं असतं, हे सांगितलं.
अक्कांनी किल्ली दिली, पण कडी वर उचलून लोटायची
हे कागदात नाही म्हणून दोनदा करून दाखवलं.

जिना उतरताना भिंत पाहिली.
खाली एक रंग, वर दुसरा,
मधे हाताएवढी मातकट रेघ, रंग मारूनही वर आलेली.
पायऱ्या मोजत गेलो.
दहावीपासून वर, सदर मिळकत.